वाघ, बिबट आणि आपली ढोरे



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हाला सांगितले, "ज्याची तुम्हाला खरी माहिती आहे त्यावरच लिहा. पुस्तकातले उतरवू नका." मला ढोरांची माहिती आहे. आम्ही गवळी आहोत. आमच्या घरी आठ म्हशी, चार गाई आणि थोड्या बकऱ्या आहेत. मागच्या उन्हाळ्यापासून मला वाघाचीही माहिती झाली. ती कशी झाली ते आधी सांगते. मग वाघ ढोरे का मारतो आणि आपण काय करावे ते लिहिते. जे मला माहीत नव्हते ते मी आबाजीला, गुरुजींना आणि फॉरेस्टच्या गार्डसाहेबांना विचारले.

आमची चांदी

आमचे गाव चिखलदरा तालुक्यात मेळघाटात आहे हे तुम्हाला माहीतच आहे. चहूकडे सागाचे जंगल. दुधाचा खवा करून तो परतवाड्याला जातो. त्यावरच आमचे घर चालते.

आमच्याकडे एक वगार होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून मी तिचे नाव चांदी ठेवले. ती जन्मली तेव्हा मी पहिलीत होते. ती पहिल्यांदाच गाभण होती. दसऱ्याच्या सुमारास ती जनणार होती. तिच्या दुधाच्या पैशातून दादाच्या परतवाड्याच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा असे बाबाने ठरवले होते.

मे महिन्याची सुटी होती. मी आबाजीसंगे ढोरे घेऊन गेले. दुपारनंतर आबाजी म्हणाले, "मी झऱ्यावरून पाणी पिऊन येतो. तू ढोरं पाहाजो. नाल्याच्या अंगानं जाऊ देऊ नको." मी हो म्हटले. पण टेंभुर्णीला पिकलेली टेंभरं लागली होती. मी टेंभरं वेचत बसले. चांदी नाल्यात केव्हा उतरली ते मला दिसलेच नाही. अगोदर सगळ्या म्हशी एकदम थांबल्या आणि त्यांनी तोंडे नाल्याकडे केली. मग चांदी एकदाच ओरडली. पुन्हा ओरडली नाही.

आबाजी धावत आले. त्यांनी मला हाताला धरून म्हशींच्या मधात उभे केले आणि मोठमोठ्याने ओरडत आम्ही सगळी ढोरे घेऊन गावाकडे आलो. नाल्यात पाहायला आबाजी गेले नाहीत आणि मलाही जाऊ दिले नाही. रात्री मी जेवले नाही. माय म्हणाली, "रडू नको वो बाई, तू वाचली हेच खूप झालं." पण चूक माझी होती हे मला माहीत होते. हे मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर लिहीत आहे.

दवाईची शिशी

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, आबाजी आणि गावातले चारपाच जण नाल्यावर गेले. चांदी तिथेच होती. तिचा मागचा भाग खाल्लेला होता. गावातले एक काका पऱ्हाटीवर फवारायच्या दवाईची शिशी घेऊन आले होते. ते म्हणाले, "वाघ आज रातच्याला पुन्हा येईन. याच्यावर दवा टाकून द्या, मंग पाहू कसा येते तं." त्यांचा गोऱ्हा आदल्या वर्षी वाघाने नेला होता. त्यांनाही राग होता.

बाबा काहीच बोलला नाही. मला वाटते बाबाच्याही मनात तेच होते. माझ्या मनात तर होतेच.

आबाजी म्हणाले, "नाई रे बापू. तू दवा टाकशीन, पण त्याच्यावर कोण कोण बसन हे तुह्या हातात आहे काय? वाघ मरन, कोल्हा मरन, गिधाड मरन, तुह्यावालं कुत्रं बी मरन. पाणी आलं का दवाई नाल्यात जाईन. त्याच नाल्याचं पाणी आपल्या म्हशी पेतात." काकांनी शिशी खिशात ठेवली. ते रागातच घरी गेले. पण गेले.

मग बाबाने फॉरेस्टवाल्यांना कळवले. गार्डसाहेब आले. त्यांनी नाल्यातल्या रेतीत पंजे दाखवले. मोठ्या पंजांच्या बाजूला छोटे छोटे पंजे होते. ते म्हणाले, "ही वाघीण आहे. संग पिल्लं आहेत." त्यांनी झाडाला एक कॅमेरा बांधला. कोणी समोरून गेले की तो आपोआप फोटो काढतो. त्याला ट्रॅप कॅमेरा म्हणतात. दोन दिवसांनी त्यांनी बाबाला फोटो दाखवला. मीही पाहिला. वाघीण आणि दोन पिल्ले होती. एक पिल्लू मायच्या पोटाखाली उभे होते.

मला चांदीचा राग गेला नव्हता. अजूनही पूर्ण गेला नाही. पण शिशी उघडली असती तर तिघेही मेले असते हे मला समजले. तेव्हापासून मी या विषयाची माहिती गोळा केली. ती आता सांगते.

ढोर कोणी मारले हे कसे ओळखावे?

आपल्या जंगलात ढोरे मारणारे प्राणी मुख्य तीन आहेत. वाघ, बिबट आणि रानकुत्रा. रानकुत्र्याला कोळसुंदा पण म्हणतात.

वाघ मोठे जनावर मारतो. सांबर, रानगवा, रानडुक्कर आणि चितळ हे त्याचे खाणे आहे. तो गळा धरून मारतो आणि खायला बहुतेक मागच्या बाजूने सुरुवात करतो. एका रात्रीत तो २० ते ३० किलो मांस खाऊ शकतो. उरलेले खायला तो पुन्हा येतो. म्हणून मेलेल्या ढोराजवळ एकट्याने कधीच जाऊ नये.

बिबट वाघापेक्षा लहान असतो. त्याच्या अंगावर ठिपके असतात, वाघासारखे पट्टे नसतात. तो बकरी, वासरू आणि कुत्रा नेतो. तो झाडावर चढतो. वाघ आपल्या ढोरांना बहुतेक जंगलात गाठतो, पण बिबट रात्री गावात आणि कोठ्यातही येतो.

रानकुत्रे कळपाने येतात आणि पळणाऱ्या जनावराला मागून तोडतात.

पंजावरूनही ओळखता येते. वाघ आणि बिबट चालताना नखे आत ओढून घेतात. म्हणून त्यांच्या पंजात नखे उमटत नाहीत. कुत्र्याच्या पंजात नखे उमटतात. आपल्या घरच्या मांजरीचा पंजा ओल्या मातीत पाहा म्हणजे समजेल. वाघ हा मांजरीच्याच कुळातला आहे.

वाघ आपली ढोरे का मारतो?

मला वाटायचे की वाघ दुष्ट आहे. पण गुरुजी म्हणाले, वाघ गवत खाऊ शकत नाही. त्याला आठवड्याला साधारण एक मोठी शिकार लागते. म्हणजे वर्षाला सुमारे पन्नास जनावरे. पिल्ले असली की जास्त लागतात. पिल्ले सुमारे दोन वर्षे मायसंगे राहतात. शिकार करायला ती हळूहळू शिकतात. तोपर्यंत मायनेच सगळ्यांचे पोट भरायचे असते.

आता विचार करा. सांबर लांबून वास घेते, कान टवकारते आणि पळून जाते. आपली म्हैस माणसाळलेली असते. ती हळू चालते. तिला शिंगे आहेत, पण ती एकटी पडली की घाबरते. वाघाला एकटी म्हैस सोपी वाटते. आणखी कारणे अशी आहेत.

१. उन्हाळ्यात नाले आटतात. जिथे थोडे पाणी उरते तिथेच चितळ येतात, तिथेच वाघ येतो आणि तिथेच आपली ढोरे जातात. चांदीचे तसेच झाले.

२. पावसाळ्यात गवत आणि झुडपे वाढतात. वाघ अगदी जवळ असला तरी दिसत नाही.

३. संध्याकाळी ढोरे घरी यायला उशीर झाला की अंधार पडतो. अंधारात वाघाला दिसते, आपल्याला दिसत नाही.

४. जंगलात ढोरे जास्त झाली की ती चितळ आणि सांबराचे गवत खाऊन टाकतात. मग चितळ कमी होतात आणि वाघ ढोरांकडे वळतो. लाळ्या-खुरकूत सारखे ढोरांचे रोगही रानगव्यांना लागू शकतात. म्हणून ढोरांना लस देणे हे जंगलासाठीही चांगले आहे.

५. म्हातारा किंवा जखमी वाघ जंगलातली शिकार पकडू शकत नाही. तो सोपी शिकार शोधतो.

मेळघाटात वाघ राखायचे कोणी ठरवले?

आबाजीचे बाबा सांगत की आधी साहेब लोक आणि राजे वाघाची शिकार करत आणि वाघावर पाय ठेवून फोटो काढत. सगळ्या देशात वाघ फार कमी झाले. म्हणून १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ मध्ये भारत सरकारने व्याघ्र प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशात नऊ जागा निवडल्या. त्यात आपले मेळघाट होते. महाराष्ट्रातला तो पहिला व्याघ्र प्रकल्प. १९७४ मध्ये त्याची घोषणा झाली. १९८७ मध्ये आत गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. अकोला जिल्ह्यातले नरनाळा किल्ल्याचे जंगलही मेळघाटाला लागूनच आहे. वाघाला जिल्ह्याची सीमा समजत नाही. तो अमरावतीत झोपतो आणि अकोल्यात पाणी पितो.

आता मेळघाट व्याघ्र प्रकल्प सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यातला सुमारे १,५०० चौरस किलोमीटर भाग गाभा क्षेत्र आहे. बाकीचा बफर आहे. गुरुजींनी फळ्यावर आंबा काढून दाखवला. मधली कोय म्हणजे गाभा. तिथे मुख्यतः जंगल आणि प्राणी. भोवतीचा गर म्हणजे बफर. तिथे गावे, वावरे, ढोरे आणि वाघ सगळेच. आपले गाव गरात आहे.

२००६ मध्ये देशात सुमारे १,४११ वाघ उरले होते. २०२२ च्या गणनेत ते सुमारे ३,६८२ झाले. त्यात महाराष्ट्रात ४४४ होते. वाघ वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण गुरुजींनी विचारले, "वाघ वाढले, जंगल वाढले का?" आम्ही सगळे गप्प बसलो.

तरुण वाघ कुठे जातात?

वाघाचा पिल्लू मोठा झाला की त्याला स्वतःचा इलाखा शोधावा लागतो. बापाच्या इलाख्यात त्याला राहू देत नाहीत. मग तो चालत सुटतो. २०१९-२० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ सुमारे ३,००० किलोमीटर फिरला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता म्हणून तो कुठे कुठे गेला ते समजले. वावरांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडून तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत त्याने ढोरे खाल्ली, कारण वावरांत त्याला दुसरे काय मिळणार?

पण प्रत्येक वेळी असे होत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात चंद्रपूर जिल्ह्याकडून निघालेला एक वाघ आपल्याच जिल्ह्यात धामणगाव रेल्वेकडे आला. त्याने दोन माणसे मारली. लोक वावरात जायला भीत होते. पुढे तो मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात गेला आणि तिथे त्याला पकडले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे अवनी नावाच्या वाघिणीवर १३ माणसे मारल्याचा ठपका होता. तिला २ नोव्हेंबर २०१८ ला गोळी घालून मारले. तिलाही पिल्ले होती. मेलेल्या माणसांनाही पिल्ले होती. त्यामुळे कोणी म्हणाले बरोबर झाले आणि कोणी म्हणाले चूक झाले. मी अजून लहान आहे, मला याचे उत्तर येत नाही.

गावे उठून गेली

गाभा क्षेत्रातली काही गावे खाली मैदानात नेली. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे आधी गेली. मग वैराट, चुर्णी, आमोणा, नागरतास, धारगड, गुल्लरघाट अशी आणखी गेली. काही गावे अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात वसली. जुन्या गावांच्या जागी आता गवत आले आणि तिथे रानगवे चरतात असे गार्डसाहेब सांगतात.

पण माणसांचे काय? आमचे एक नातेवाईक तसे खाली गेले. पैसे मिळाले, रस्ता आणि दवाखाना जवळ आला. पण चराईला जागा नाही, म्हणून त्यांनी म्हशी विकल्या. म्हशी नसलेला गवळी म्हणजे पाणी नसलेली नदी, असे ते म्हणतात. २०१९ मध्ये खाली नेलेल्या काही गावांचे लोक परत जंगलात गेले होते. जमीन आणि सोयी नीट मिळाल्या नाहीत अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा मोठे भांडण झाले. म्हणून वाघासाठी गाव हलवायचे तर गावाला विचारून आणि सगळे नीट देऊन हलवावे असे मला वाटते.

भरपाईचे गणित

वाघाने किंवा बिबटाने ढोर मारले तर सरकार भरपाई देते. पण त्यासाठी हे करावे लागते.

१. लवकर, म्हणजे ४८ तासांच्या आत जवळच्या फॉरेस्टवाल्यांना कळवावे. फोनही करता येतो. १९२६ हा वन विभागाचा फुकटचा नंबर आहे.

२. मेलेले ढोर जागेवरून हलवू नये. पंजांवरून चालू नये.

३. फॉरेस्टचे लोक आणि ढोरांचे डॉक्टर येऊन पंचनामा करतात. पंचनामा म्हणजे पंचांसमोर पाहून लिहिलेला खरा कागद.

४. ढोरावर दवाई अजिबात टाकू नये. भरपाई तर जाईलच, वर गुन्हा होईल. वाघ मारणाऱ्याला कायद्यात तीन ते सात वर्षे शिक्षा आहे.

२०२२ च्या नियमाप्रमाणे गाय, म्हैस किंवा बैल मेला तर बाजारभावाच्या पाऊण हिस्सा रक्कम मिळते, पण ७०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. बकरी किंवा मेंढी असेल तर पाऊण हिस्साच, पण १५,००० पेक्षा जास्त नाही.

पाऊण आपण वर्गात शिकलो आहोत. चांदीची किंमत ६०,००० रुपये धरली. ६०,००० चा पाव म्हणजे १५,०००. असे तीन पाव म्हणजे ४५,००० रुपये. म्हणजे १५,००० रुपये आमचे गेले. शिवाय तिच्या पोटातले पारडू गेले आणि रोजचे पाच-सहा लिटर दूध गेले. ते कुठेच मोजत नाहीत.

आम्हाला पैसे पोळ्यापर्यंत आले नाहीत. एका कागदावर बाबाच्या नावाची वेलांटी चुकली होती. बाबा तीनदा चकरा मारून आला. एका चकरेत एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते. पैसे दिवाळीच्या आधी आले. तोपर्यंत दादाचा खर्च मायने तिच्या पाटल्या गहाण ठेवून भागवला.

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, वाघ साऱ्या देशाचा आहे ना? मग तो पाव हिस्सा एकट्या आमच्या घरचा काऊन?" गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा प्रश्न लेखात लिही." म्हणून मी लिहिला.

दुसरीकडचे लोक काय करतात?

ही अडचण फक्त आपली नाही. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात मालधारी लोक म्हशी राखतात. त्यांच्या म्हशी सिंह मारतो. तरी ते तिथे राहतात.

आपल्या महाराष्ट्रातच अकोले नावाचा तालुका आहे. हे आपले अकोला नाही बरे. ते अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, ज्याला आधी अहमदनगर म्हणत. तिथे विद्या अत्रेय या बाईंनी बिबटांचा अभ्यास केला. तिथे जंगल कमी आणि उसाचे वावर जास्त. तरी तिथे बरेच बिबट माणसांच्या आजूबाजूला राहतात आणि कोणाला समजतही नाही. ते कुत्री पुष्कळ खातात. त्यांनी जुन्नरकडचाही अभ्यास केला. त्यातून असे दिसले की बिबट पकडून दुसऱ्या जंगलात सोडला की त्रास थांबत नाही, उलट वाढू शकतो. नवीन जागी तो बावरतो आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येतो.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथले मसाई लोक आपल्यासारखेच ढोरे राखतात. तिथे रिचर्ड तुरेरे नावाच्या मुलाच्या घरच्या गाई सिंह मारत असे. कोठ्याची राखण त्याच्याकडे होती. त्याच्या लक्षात आले की हातात बॅटरी घेऊन फिरले की सिंह जवळ येत नाही. मग त्याने जुनी बॅटरी, उन्हावर चालणारी पाटी, मोटारसायकलचा इंडिकेटर आणि बॅटरीचे दिवे जोडून कोठ्याभोवती उघडमीट होणारे दिवे लावले. सिंहाला वाटे माणूस फिरत आहे. तेव्हा तो सुमारे अकरा वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापेक्षा एकच वर्ष मोठा!

आपण काय करावे?

१. ढोरे एकटी सोडू नयेत. दोन-तीन घरांची ढोरे आणि दोन-तीन मोठी माणसे संगे असावीत. लहान मुलांवर एकट्याने ढोरे सोपवू नयेत.

२. दिवस मावळायच्या आधी ढोरे आखरावर आणावीत.

३. गाभण, आजारी आणि लहान जनावर घराजवळ ठेवावे.

४. ढोरांच्या गळ्यात घंटा बांधावी. एखादे मागे राहिले तर आवाजावरून समजते.

५. बकऱ्यांच्या कोठ्याला दार आणि वरून छप्पर पाहिजे. नुसते काट्यांचे कुंपण बिबट सहज ओलांडतो.

६. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि काठी घ्यावी. लहान मुलांनी एकटे जाऊ नये.

७. जंगलात खाली वाकून किंवा बसून काम करताना एकाने उभे राहून पाहावे. बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो.

८. वाघ दिसला तर पळू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. गर्दी करून त्याला घेरू नये. फोटो काढायला तर मुळीच जाऊ नये.

९. वावराच्या कुंपणात करंट सोडू नये. त्यात वाघ मरतो, ढोर मरते आणि माणूसही मरतो.

कुलामामा

माझी एक मैत्रीण कोरकू आहे. कोरकू भाषेत वाघाला कुला म्हणतात. तिचा आजा जंगलात गेला की त्याला कुलामामा म्हणतो. ती म्हणते, मामा म्हटले की भाच्याला खात नाही. मी तिला म्हटले, "मग माह्या चांदीले काऊन खाल्लं?" ती म्हणाली, "चांदी त्याले मामा म्हणत नव्हती ना." तेव्हा त्या दिवसानंतर मी पहिल्यांदा हसले.

आबाजी वाघदेवाला नारळ फोडतात. मी विचारले, "आबाजी, त्यानं आपली वगार खाल्ली, तरी नारळ?" ते म्हणाले, "पोरी, वाघ आहे म्हणून जंगल आहे. जंगल आहे म्हणून झरा आहे, अन् झरा आहे म्हणून आपल्या म्हशी आहेत. आपण त्याच्या वावरात चारतो, तो आपल्या कोठ्यातून नेतो. भांडण तं होणारच. पण घर कोणी कोणाचं जाळू नये."

त्यांचे सगळेच मला पटले असे नाही. जंगल राखण्याचा फायदा साऱ्या देशाला होतो, मग त्याचा भार नुसत्या ढोरे राखणाऱ्याने का उचलावा? पूर्ण भरपाई वेळेवर मिळाली तर दवाईची शिशी घेऊन कोणीच नाल्यावर जाणार नाही. आणि आपण ढोरे नीट राखली तर वाघालाही सोपी शिकार मिळणार नाही. दोन्ही बाजूंनी काम झाले पाहिजे.

दवाईची शिशी आणणारे ते काका आता आमच्या ढोरांसंगेच आपली ढोरे नेतात. संध्याकाळी सगळे संगे परत येतात. नाल्याच्या अंगाने कोणीच जात नाही. मला रविवारी ढोरांसंगे जायचे असते, पण बाबा म्हणतो, "तू शाळा शीक. आम्ही मोठे आहो ना." मागच्या महिन्यात चांदीच्या मायने पुन्हा एक वगार दिली. तिच्या कपाळावर ठिपका नाही. तिचे नाव अजून ठेवले नाही. तुम्हाला चांगले नाव सुचले तर मला मधल्या सुटीत सांगा.

मायबापांनो, आज घरी गेल्यावर आपल्या बकऱ्यांच्या कोठ्याचे दार एकदा पाहा. ढिले असेल तर आजच बसवा. एवढे सांगून मी माझा लेख संपवते.

— इयत्ता ४ थी ची एक विद्यार्थिनी